जळगावचं चक्करवालं क्लिनिक: उपचार चांगले, फरशी बदला

नाव मुद्दाम टाकत नाही कारण पुढे तक्रारी पण आहेत आणि बाई मनाने चांगली आहे. जळगावला बॅलन्सच्या त्रासासाठी फिजिओथेरपी करणारं छोटंसं क्लिनिक, मी अमळनेरहून तिथे पाच दिवस गेले, त्याचा हा अनुभव.

झालं असं की आम्ही दिवाळीनंतर अंदमानला गेलो, येताना सगळ्यांना हौस म्हणून पोर्ट ब्लेअर ते चेन्नई जहाजाने, जवळजवळ तीन दिवस. जहाजात मला काहीच झालं नाही, बाकीचे ओकत होते आणि मी मस्त चहा पीत होते. तिथून नवजीवन एक्स्प्रेसने घरी, त्यातही एकदम ठीक. आणि घरी आल्यावर भाकरी थापायला बसले तर परात हलायला लागली. गरगरणं नाही हं, ते वेगळं. हे डुलणं, पायाखाली पाणी असल्यासारखं, उभं राहिलं की वर-खाली, आडवं झालं की गादीच होडी. सासूबाई म्हणाल्या, "काय व माय, आखाजीना झोका आजून थांबना नही का तुना?" (आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, तेव्हा आमच्याकडे झोके बांधतात.) सगळे हसले, मी पण हसले. मग दोन महिने झाले तरी झोका थांबेना तेव्हा कोणी हसेना.

आधी दोन ठिकाणी जाऊन आले. एका ठिकाणी मानेचे मणके म्हणून पट्टा दिला, दुसऱ्या ठिकाणी कानातले खडे सरकलेत म्हणून डोकं इकडून तिकडे वळवून पाहिलं, चक्करच्या गोळ्या दिल्या, त्याने नुसती झोप. एमआरआय नॉर्मल, कानाच्या तपासण्या नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे पण आपल्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघायला लागतात, हे ज्याला झालंय त्यालाच कळेल.

या क्लिनिकच्या मॅडमने बसल्या बसल्या पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, गाडीत बसल्यावर कसं वाटतं?" मी म्हटलं अहो तेच तर, अमळनेर ते जळगाव येताना मी अगदी बरी असते, धरणगावला गाडी थांबली की सुरू, सुटली की बंद. त्या हसल्या आणि म्हणाल्या मग हा कान-मान काही नाही. माझे पैसे तिथेच वसूल झाले, दोन महिन्यांत हे कोणीच विचारलं नव्हतं!

आजाराचं नाव फ्रेंच आहे, माल द देबार्कमाँ, म्हणजे जहाजातून उतरल्याचा आजार, डॉक्टर लोक एमडीडीएस म्हणतात. बोटीतून उतरल्यावर थोडं डुलणं कुणालाही होतं, ते दोन दिवसांत जातं, 48 तासांच्या पुढे गेलं तर हा विचार करायचा. जास्त करून चाळिशीच्या आसपासच्या बायकांना होतो म्हणे (मी 44). मेंदू लाटांची सवय लावून घेतो आणि जमिनीवर आल्यावर ती सोडतच नाही, असं त्यांनी समजावलं.

उपचार बघून मला आधी हसू आलं. डोळे मिटून जागच्या जागी पावलं टाकायला लावली, मी उजवीकडे वळत गेले, ते लिहून घेतलं. मग मिनिटाला किती वेळा डुलतेय ते मोजलं, बारा आले. मग अंधार करून भिंतीवर प्रोजेक्टरने काळे-पांढरे उभे पट्टे सरकवायचे आणि मॅडम मागे उभं राहून माझं डोकं त्याच तालात या खांद्याकडून त्या खांद्याकडे कलवणार, तीन-चार मिनिटं, दिवसातून चार वेळा. ही पद्धत न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमध्ये मिंगजिया डाय यांनी काढली, 2014 मध्ये त्यांनी 24 पेशंटचा अभ्यास छापला, त्यात 17 जणांना चांगला फरक पडला होता. म्हणजे सात जणांना नाही, हे पण मॅडमने स्वतःहून सांगितलं, ते मला आवडलं.

पाच दिवस बहिणीकडे जळगावातच राहायला लावलं कारण रोज गाडीने ये-जा केली तर केलेलं पाण्यात जाऊ शकतं. चौथ्या दिवशी बहिणीच्या ओट्यावर शेंगा सोलत बसले होते, अर्धं सूप झाल्यावर लक्षात आलं की ओटा हलत नाहीये. रडूच आलं एकदम. घरी आल्यावर परत थोडं सुरू झालं, पण दहातलं आठ होतं ते आता तीनवर आहे.

आता तक्रारी. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिन्याला एकाच बाजूला कठडा, अहो चक्करच्या पेशंटला कुठे बोलवताय तुम्ही. अपॉइंटमेंट अकराची, नंबर साडेबाराला. बाहेरच्या खोलीत फरशी काळी-पांढरी बुद्धिबळासारखी, नुसतं खाली बघितलं तरी पोटात कालवायचं. आणि काउंटरवरचा मुलगा सारखा "काकू शांत बसा ना एका जागी", अरे बाबा एका जागी बसलं की तर होतं, त्यासाठीच आलेय ना मी! मग मी पॅसेजमध्ये फेऱ्या मारायचे. पैसे रोख, पावती मागितली तरच.

पाचपैकी चार. फरशीवर सतरंजी टाकली तर साडेचार करेन.