कासच्या सड्यावरील गवतांसाठी दहा पटीचे भिंग

तीन काचा एकत्र जोडलेले, दहा पट मोठे दाखवणारे घडीचे भिंग यंदाच्या पावसाळ्यात कास पठारावर वापरून पाहिले. ज्यांना तेथे फुलांपलीकडची गवते आणि लव्हाळीही ओळखायची आहेत, त्यांनी ते जरूर घ्यावे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेल्या या पठारावर बहुतेकांचे डोळे तेरडा आणि सीतेच्या आसवांवर खिळलेले असतात; जांभ्यावरच्या वीतभर मातीही नसलेल्या थरात तग धरणाऱ्या गवतांची मात्र ‘हिरवळ’ म्हणून बोळवण होते.

एरवी काडी तोडून डोळ्यापाशी आणता येते. संरक्षित जागेत तशी मुभा नसल्याने वाटेवरच गुडघे टेकून भिंग आणि डोळा दोन्ही गवतापाशी न्यावे लागतात, आणि भिंगाची खरी परीक्षा तेथेच होते. दहा पटीला काच आणि वस्तू यांत सुमारे अडीच सेंटीमीटर अंतर राहते. वीस पटीला ते निम्म्यावर येते आणि सड्यावरच्या वाऱ्यात हलणारे कणीस नजरेत ठरतच नाही. त्यामुळे जास्त पटीचे भिंग गळ्यात मारू पाहणाऱ्या दुकानदाराचे ऐकू नये.

खोड पेरांचे (म्हणजे गवत) की तिधारी (म्हणजे बहुधा लव्हाळा), हे बोटांनाही कळते. पण लव्हाळ्याच्या कणसातले खवले समोरासमोरच्या दोन ओळींत बसले आहेत (बहुधा सायपरस प्रजाती) की मळसूत्री फिरले आहेत (बहुधा फिम्ब्रिस्टायलिस प्रजाती), हे भिंगाशिवाय दिसत नाही. पांढऱ्या गोंड्यांच्या गेंद या वनस्पतीलाही अनेक जण लव्हाळाच समजतात. भिंगाखाली त्या गोंड्यात दाटीने बसलेली इवली फुले सुटी दिसतात. सर्वांत जास्त रमवले ते ग्लायफोक्लोआने. मुख्यतः पश्चिम घाटातल्या सड्यांवर वाढणाऱ्या या गवताच्या काही जातींत कणसाच्या बाहेरच्या तुसावर छिन्नीने कोरल्यासारखी नक्षी असते, आणि या भिंगातून ती कडेपर्यंत स्वच्छ, रंगांची झालर न येता दिसली. एकाच काचेच्या स्वस्त भिंगात कडा हमखास वाकतात.

उणिवाही आहेत. धुक्यात काचेवर वाफ धरते, त्यामुळे सुती रुमाल हाताशी हवाच. सोबत दोरी मिळत नाही, आणि काळे आवरण गवतात पडले तर शोधता शोधता पुरेवाट होते; लाल फीत बांधून घ्यावी. बिजागरीचा स्क्रू लवकरच सैल झाला. दुकानदाराने हात वर केले, शेवटी घड्याळजीकडून तो आवळून घेतला.