पुढचा पॉइंट काढायचाय: गोल पृथ्वीवाला फॉर्म्युला घ्यावा की एलिप्सॉइडवाला?

एका पॉइंटचं लॅट-लाँग आहे, अंतर आहे, बेअरिंग (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला दिशेचा कोन) आहे, आता तिकडच्या टोकाचं लॅट-लाँग पाहिजे. जमीन सपाट धरून 'एका डिग्रीला एवढे मीटर' असा भागाकार करणारी पद्धत मी आधीच बाजूला ठेवतोय. शे-दोनशे मीटरला ती चालते, पण रेखांशासाठी अक्षांशाच्या कोसाइनने भागावं लागतं आणि ध्रुवाकडे तो कोसाइन शून्याकडे जातो, मग उत्तर कुठेही भरकटतं. उरले दोन: पृथ्वी पूर्ण गोल धरणारा, आणि ती ध्रुवांकडे किंचित चपटी, म्हणजे एलिप्सॉइड, धरणारा.

गोल पृथ्वीवाला फॉर्म्युला मला मनापासून आवडतो, खोटं कशाला बोलू. ६३७१ किमी त्रिज्या धरायची, साइन-कोसाइनच्या दोन ओळी लिहायच्या, एक आर्कसाइन, एक एटॅन२ (एक्स आणि वाय वरून कोन काढणारं फंक्शन), झालं. लायब्ररी लागत नाही, छोट्या मायक्रोकंट्रोलरवरही पळतो, एक्सेलमध्येही बसतो (फक्त एक्सेलच्या एटॅन२ ला एक्स आधी आणि वाय नंतर लागतो, बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत बरोबर उलटं आहे, तेवढं बघा).

मग अडलं कुठे? तर सर्कलपाशी. मी याच फॉर्म्युल्याने एका पॉइंटभोवती बेअरिंग फिरवत फिरवत १००० मीटरचं सर्कल काढून द्यायचो, आणि समोरचा माणूस ते जीआयएसमध्ये (नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडून मेजर टूलने रेडियस मोजायचा आणि विचारायचा की हजार का येत नाही. आता हिशोब बघा. विषुववृत्ताजवळ उत्तरेकडे हजार मीटर जायला सांगितलं तर एलिप्सॉइडवर ते साधारण ९९४.४ भरतात, पूर्वेकडे मात्र १००१ च्या आसपास. म्हणजे एका दिशेला साडेपाच मीटर कमी, दुसऱ्या दिशेला एक मीटर जास्त, आणि ध्रुवाजवळ हेच उत्तर-दक्षिण अंतर उलट साडेचार मीटरने वाढतं. टक्क्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास, ऐकायला काहीच नाही, पण चूक दिशेप्रमाणे बदलते ना, त्यामुळे कुठल्याही एका आकड्याने गुणून ती जात नाही. कोणी म्हणेल त्रिज्या ६३७८.१३७ घ्या, तर पूर्व-पश्चिम जुळतं आणि उत्तरेला तूट उलट आणखी वाढते. प्रत्येक वेळी हे समजावत बसायचा मला कंटाळा आला, खरं कारण एवढंच.

एलिप्सॉइडवाल्यात विन्सेंटीची १९७५ची पद्धत अजून बऱ्याच जुन्या कोडमध्ये सापडते, आणि अर्ध्या मिलिमीटरपर्यंत बरोबर येते म्हणजे तक्रारीला जागा नाही. ती अडकते म्हणून जी बदनामी आहे ती दोन पॉइंटमधलं अंतर काढताना, तेही पॉइंट पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना असतील तेव्हा, आपल्या कामात तो त्रास सहसा येत नाही. तरी नवीन काम असेल तर मी कार्नीचा २०१३चा अल्गोरिदम घेईन, कारण प्रोज या नकाशा-गणिताच्या लायब्ररीत आता तोच आहे आणि जिओपाय या पायथन लायब्ररीने तर २.० मध्ये विन्सेंटी काढूनच टाकलं. शिवाय पायप्रोजचं (पायथनमधून प्रोज वापरायची लायब्ररी) फॉरवर्ड फंक्शन नव्या पॉइंटसोबत परतीचं बेअरिंगही हातात देतं. लांबच्या अंतराला हे फार कामाचं, कारण जातानाच्या बेअरिंगमध्ये १८० मिळवून उलट चाललात तर बहुतेक वेळा मूळ जागी पोचत नाही.

त्रास इथेही आहेतच. पायप्रोज रेखांश आधी मागतं, जिओपाय अक्षांश आधी, आणि पोस्टजीआयएस या नकाशाच्या डेटाबेसमधल्या एसटी_प्रोजेक्ट फंक्शनला बेअरिंग रेडियनमध्ये लागतं. पण हे एकदा छोट्या फंक्शनमध्ये गुंडाळून ठेवलं की परत बघावं लागत नाही, तो अर्धा टक्का मात्र दर सर्कलला परत येतो.

आता तुमचं बेअरिंगच मोबाइलच्या कंपासवरून येत असेल तर एवढं मनावर घेऊ नका, हजार मीटरवर एक डिग्रीची चूक म्हणजे साडेसतरा मीटर बाजूला, त्यापुढे एलिप्सॉइडचे पाच मीटर काय करणार. आणि मॅग्नेटिक उत्तरेचं (कंपासची उत्तर आणि खरी उत्तर यातल्या फरकाचं) करेक्शन केलं नसेल तर मग दोन्ही पद्धती सारख्याच. अशा कामाला किंवा ऑफलाइन छोट्या डिव्हाइसला गोलवाला बिनधास्त घ्या, फक्त उत्तरातला रेखांश १८० च्या पुढे गेला तर ३६० वजा करायला आणि उणे १८० च्या खाली गेला तर मिळवायला विसरू नका, लायब्ररीत ते आपोआप होतं, हाताने लिहिलेल्यात नाही.