गुडघ्यातला ‘पू’ काढून देणाऱ्यांविषयी

माझ्या आत्याच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलून दुसरा महिना चालू असताना, शहापुरातील तिच्या घरी येऊन दोन माणसांनी ‘आत साचलेला पू’ काढून देण्याच्या नावाखाली तिच्याकडून पन्नास हजार रुपये उकळले. बेळगावात आणि आसपासच्या खेड्यांत हे ऑपरेशन झालेली माणसे आता गल्लोगल्ली आहेत, म्हणून झाला प्रकार तपशीलवार लिहीत आहे.

पहिली गाठ कपिलेश्वर मंदिराबाहेर पडली. आत्या काठी टेकत पायऱ्यांपाशी उभी असताना पस्तिशीचा, नीटनेटक्या कपड्यांतला एक माणूस जवळ आला आणि विचारू लागला, “मावशी, रात्री गुडघा गरम लागतोय ना? टाक्यांच्या बाहेरच्या अंगाला हात लावला तर कळत नाही? उठताना आत कट्ट करतंय की नाही?” तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, त्यामुळे न सांगताच याला सगळे कसे कळले, असे तिला वाटले. वास्तविक, ऑपरेशनच्या वेळी त्वचेतील बारीक नसा कापल्या जात असल्याने बाहेरची बाजू बधिर राहते, धातू आणि प्लॅस्टिकचे भाग एकमेकांना टेकले की आवाज येतो, आणि ऊब व सूज कित्येक महिने टिकू शकते. ज्योतिष्याने कोणाचाही हात पाहून ‘तुम्ही माणसांसाठी खूप केलेत, पण यश मिळाले नाही’ म्हणावे, त्यातलीच ही विद्या आहे. रुग्णालयातून घरी सोडताना गोळ्यांची यादी देतात, पण या साध्या गोष्टी कोणी समजावून सांगत नाही, आणि तीच जागा हे लोक हेरतात.

आपल्या आईलाही असेच होत होते आणि बाहेरगावच्या एका वैद्याने एका बैठकीत बरे केले, असे सांगून त्याने लगेच फोन जोडला. बोलता बोलता घरी कोण कोण असते, हेही काढून घेतले. मुलगा उद्यमबागच्या कारखान्यात आणि सून शाळेत, एवढे कळल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची वेळ ठरली, आणि उपचारावर नजर लागते म्हणून कोणाला सांगू नका, असेही बजावले गेले.

‘वैद्य’ आला तो पितळी नळी, ब्लेड आणि जाड वही घेऊन. गुडघ्याभोवती ब्लेडने बारीक चिरा पाडून तो नळी तोंडाने ओढायचा आणि पांढऱ्या टॉवेलवर पिवळा, चिकट पदार्थ थुंकायचा. एका वेळेचे १,२०० रुपये आणि फार तर दोन-तीन वेळा, असे आधी सांगितले होते, पण वहीतला आकडा ४६ वर गेला. हिशेब ५५,२०० रुपयांचा झाला आणि ‘मावशी म्हणून’ पन्नास हजारांवर तोडण्यात आला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कोबाल्ट-क्रोमियमच्या कृत्रिम सांध्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरवली होती, म्हणजे जवळपास एका सांध्याचे पैसे त्यांनी तासाभरात मिळवले. घरात एवढी रोकड नव्हती, तेव्हा मंदिराबाहेर भेटलेला माणूस तिला रिक्षात घालून बँकेत घेऊन गेला.

संध्याकाळी सुनेने तो टॉवेल धुवायला घेतला आणि साबण लागताच पिवळे डाग लालभडक झाले. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

पैशांपेक्षा मोठे नुकसान पुढे झाले. सव्वा महिना गुडघा अजिबात वाकवायचा नाही, असे पथ्य तो देऊन गेला होता, आणि घरात आम्ही परोपरीने सांगूनही ‘एवढे पैसे गेले आहेत, तर पथ्य तरी पाळते’ म्हणून तिने काही दिवस व्यायाम बंदच ठेवला. जो गुडघा ९५ अंशांपर्यंत वाकत होता, तो ८० वर आला. या काळात वाकवण्याचा व्यायाम सुटला की आतले व्रण घट्ट होतात, आणि मग ते सोडवणे फिजिओथेरपिस्टलाही जड जाते.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना खरी धास्ती होती ती चिरांची. सांध्याच्या पोकळीतला पू कातडीवरच्या ओरखड्यातून ओढून निघत नाही, पण त्याच ओरखड्यातून जंतू आत जाऊ शकतात, आणि ते धातूवर थर धरून बसले की औषधे पोहोचत नाहीत व बसवलेला सांधा काढण्याची पाळी येऊ शकते. रक्ताचे अहवाल सुदैवाने चांगले आले. जखमेतून पाणी येणे, ताप, वाढत जाणारी लाली किंवा वेदना दिसली तर थेट ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडेच जावे, मनाने अँटिबायोटिक सुरू करू नये, कारण त्यामुळे तपासणीत जंतू सापडणे अवघड होते, असे त्यांनी सांगितले.

पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवली. फसवणुकीचे पूर्वीचे कलम ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झाले आहे. फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते, तेव्हा सही करण्यापूर्वी ती वाचून आणि समजावून घ्यावी. वाचून दाखवणे पोलिसांवर बंधनकारक आहे आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. पैसे फोनवरून पाठवले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे. आमचे रोख गेले, त्यामुळे बँकेतल्या कॅमेऱ्याच्या चित्रीकरणावरच सध्या भिस्त आहे. दोघेही मराठी आणि कन्नड सफाईने बोलतात. नळीवाला पन्नाशीचा, अंगाने किरकोळ आहे आणि त्याच्या वहीला लाल कापडी बांधणी आहे. असे कोणी दारात आले तर त्यांना बसवून ठेवून ११२ वर फोन करावा.