‘स्पीड वाढवून देतो’ : सोलापुरातील ओव्हरक्लॉकिंगचा एक अनुभव

अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांसाठी मी जॅकार्डची (विणतानाच कापडात उमटणाऱ्या नक्षीची) डिझाइन्स संगणकावर तयार करतो. मोठ्या फाइली उघडताना संगणक रेंगाळत असल्याने शहरातील एका दुकानदाराकडे तो नेला असता, त्याने ‘ओव्हरक्लॉकिंग करून प्रोसेसर २.५ वरून थेट ४.४ गिगाहर्ट्झवर नेतो, रॅमही पळवतो’ असे सांगून साडेचार हजार रुपये घेतले. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे एखादा भाग कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे.

माझा प्रोसेसर इंटेलचा कोअर आय५-१२४०० आहे. त्याचा मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ असला, तरी कामाचा ताण आला की टर्बो बूस्टमुळे तो आपोआप ४.४ पर्यंत चढू शकतो, आणि ही सोय कारखान्यातूनच येते. दुकानदाराने टास्क मॅनेजरमध्ये ४.३च्या आसपास नाचणारा जो आकडा मला अभिमानाने दाखवला, तो हाच. शिवाय मॉडेल क्रमांकानंतर ‘के’ नसलेल्या इंटेल प्रोसेसरचा मल्टिप्लायर, म्हणजे त्याचा वेग ठरवणारा गुणक, सहसा लॉक असतो, आणि ‘के’ असला तरी त्याला सहसा झेड मालिकेच्या चिपसेटचा (मदरबोर्डवरील मुख्य नियंत्रक चिपचा) मदरबोर्ड लागतो. माझा बोर्ड बी६६० चिपसेटचा, म्हणजे झेड मालिकेबाहेरचा आहे. म्हणजे ज्या कामाचे पैसे घेतले, ते या यंत्रावर झालेलेच नव्हते.

रॅमला मात्र त्याने खरोखरच हात लावला, आणि नुकसान तिथेच झाले. ३२०० वेगाची म्हणून विकली जाणारी डीडीआर४ रॅम पुष्कळदा सुरुवातीला २१३३ वर चालते आणि बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे रॅम बनवणाऱ्याने आधीच भरून ठेवलेली वेगाची सेटिंग्ज, सुरू केले की १.३५ व्होल्टवर ३२०० गाठते. हे दोन मिनिटांचे काम आहे. त्याऐवजी या गृहस्थांनी ३६०० हा आकडा हाताने भरला आणि कोणतीही चाचणी न करता संगणक माझ्या हवाली केला. पुढे निळी स्क्रीन येऊ लागली आणि एका टॉवेलच्या काठाचे तयार डिझाइन सेव्ह होतानाच बिघडले. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवताच चुकांची रांग लागली. एक्सएमपीवर परत आणल्यावर तीच चाचणी रात्रभर निर्दोष चालली.

ज्यांच्याकडे खुला, म्हणजे मल्टिप्लायर लॉक नसलेला प्रोसेसर आहे, त्यांनी मल्टिप्लायर एकेका पायरीने वाढवावा, प्रत्येक पायरीला पूर्ण भार देऊन तापमान पाहावे, आणि व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडून निर्धास्त राहू नये, कारण काही बोर्ड ते गरजेपेक्षा जास्त देतात. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. एसी दुकानात पास झालेली चाचणी आपल्या खोलीत पुन्हा घ्यावी. अशा बदलांमुळे इंटेलची वॉरंटीही जाऊ शकते, हे दुकानदार सहसा सांगत नाहीत.

पैसे परत मागितले तेव्हा त्याने बिल पुढे केले. त्यावर फक्त ‘सर्व्हिसिंग’ असे लिहिले होते. म्हणून बिलावर प्रोसेसरचे व मदरबोर्डचे पूर्ण नाव, बदलापूर्वीची आणि नंतरची सेटिंग्ज आणि केलेली चाचणी लिहून घ्यावी. नकार मिळाल्यास संगणक तिथे ठेवू नये. माझी तक्रार मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवली आहे.