रोजच्या तीन चौकटींमागचा लेखक : 'मॉडेस्टी ब्लेझ'चा पहिला खंड

लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड' या सायंदैनिकात १३ मे १९६३ रोजी 'मॉडेस्टी ब्लेझ' ही चित्रमालिका सुरू झाली आणि ११ एप्रिल २००१ रोजी, म्हणजे तिचे लेखक पीटर ओडॉनेल यांच्या एक्याऐंशीव्या वाढदिवशी, ती संपली. या अडतीस वर्षांत दहा हजारांहून अधिक पट्ट्या, म्हणजे रोजच्या साधारण तीन चौकटींच्या चित्ररांगा, छापल्या गेल्या. चित्रकार पाच झाले. लेखक मात्र पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच राहिला. टायटन बुक्स या प्रकाशनसंस्थेने ही मालिका क्रमाने तीस खंडांत पुस्तकरूपाने आणली आहे. त्यांपैकी २००४ साली निघालेला पहिला खंड, 'द गॅब्रिएल सेट-अप', मी नुकताच मागवून वाचला.

चित्रमालिका म्हटली की नाव सहसा चित्रकाराचे निघते. 'चिंटू'च्या बाबतीत चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर ही दोन्ही नावे मराठी वाचक एका दमात घेतो, पण तो अपवाद आहे. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आमच्या बेळगाव-निपाणी भागातल्या एका अख्ख्या पिढीने वाचला, मात्र त्या कथा कोणी लिहिल्या याची चौकशी फारशी कोणी केली नाही. त्याच इंद्रजालमुळे गार्थ या बलदंड नायकाचे नावही अनेकांच्या कानावरून गेलेले असेल. 'डेली मिरर'मधल्या या गार्थच्या कथा १९५३ ते १९६६ या काळात ओडॉनेल लिहीत होते. त्यामुळे हा खंड हाती घेताना मला नायिकेपेक्षा लेखकाविषयी अधिक उत्सुकता होती आणि तिला या पुस्तकाने बऱ्याच अंशी न्याय दिला आहे.

खंडात 'ला मशीन', 'द लाँग लीव्हर' आणि 'द गॅब्रिएल सेट-अप' या पहिल्या तीन दीर्घकथा आहेत. त्यांच्या जोडीला 'इन द बिगिनिंग' ही १९६६ साली लिहिलेली छोटी पूर्वकथा आहे. नायिका मॉडेस्टी ही एकेकाळी गुन्हेगारी टोळीची प्रमुख होती. आता श्रीमंत होऊन निवृत्त झालेली ही स्त्री आणि तिचा विश्वासू साथीदार विली गार्विन हे दोघे ब्रिटिश गुप्तचर खात्याचे सर जेराल्ड टॅरंट यांच्यासाठी अधूनमधून कामगिरीवर निघतात, एवढेच कथासूत्र आहे. विली तिला 'प्रिन्सेस' म्हणतो. त्या दोघांमध्ये जीव ओवाळून टाकण्याइतका स्नेह आहे, पण प्रेमप्रकरण नाही, आणि ही रेघ ओडॉनेल यांनी अखेरपर्यंत ओलांडली नाही. स्त्री आणि पुरुष यांच्यातली बरोबरीची, निखळ मैत्री इतक्या सहजपणे मांडणारे रहस्यलेखन त्या काळात दुर्मीळ होते. स्त्रीला केवळ संकटातून सोडवून घेण्यासाठी कथेत आणण्याची तेव्हाची रीत लक्षात घेतली, तर लेखकाच्या धैर्याचे मोल कळते. हे धैर्य त्यांना महागही पडले होते. मालिका मुळात 'डेली एक्स्प्रेस'ने लिहून घेतली होती, पण गुन्हेगारी भूतकाळ असलेली नायिका आपल्या घरगुती वाचकांना चालणार नाही म्हणून त्या वर्तमानपत्राने ती नाकारली. मग ती 'ईव्हनिंग स्टँडर्ड'कडे गेली.

या नायिकेचे मूळ लेखकाच्या स्वतःच्या आयुष्यात आहे. ओडॉनेल यांचा जन्म १९२० साली लंडनमधील लुईशॅम येथे झाला. वडील वर्तमानपत्रात गुन्हेवार्ताहर होते आणि मुलाने सोळाव्या वर्षीच पैशासाठी लिहायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश सैन्याच्या सिग्नल विभागात बिनतारी संदेशाचे काम करत होते. १९४२ साली उत्तर इराणमध्ये त्यांच्या तुकडीच्या तळाजवळ एक निर्वासित मुलगी एकटीच चालत आली. तिच्या गळ्यात दोरीला अडकवलेले एक हत्यार होते : लाकडाच्या तुकड्याला खिळा बांधून तिने ते स्वतःच तयार केले होते. सैनिकांनी तिला जेवण दिले, सोबत डबाबंद अन्न दिले आणि ती पुन्हा आपल्या वाटेने निघून गेली. ती कोण होती आणि तिचे पुढे काय झाले हे ओडॉनेल यांना कधीच कळले नाही. वीस वर्षांनी नायिका शोधताना मात्र तीच मुलगी आठवली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. इराणनंतर ते सीरिया, इजिप्त, पश्चिम वाळवंट, इटली आणि ग्रीस असे फिरले. बेळगावच्या वाचकाला हा नकाशा परका नाही. १९२२ पासून येथे मराठा रेजिमेंटचे केंद्र आहे आणि ओडॉनेल इटलीत ज्या आठव्या सेनेत होते, तिच्याच आघाडीवर मराठा रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी टायबर खोऱ्यात वीरमरण आले. आमच्या भागातल्या ज्या घरांत आजोबा-पणजोबांच्या तोंडून वाळवंटाच्या आणि इटलीच्या गोष्टी ऐकलेल्या आहेत, त्या घरांतल्या वाचकाला निर्वासितांच्या छावणीतून भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने चालत जाणारी ही पोर अधिक लवकर कळेल.

'इन द बिगिनिंग'मध्ये हीच पोर भेटते. ग्रीसमधल्या छावणीतून निसटलेली ती पुढे एका वृद्ध विद्वानाला गुंडांपासून वाचवते. तो तिच्याबरोबर देशोदेशी फिरतो, तिला शिकवतो आणि मॉडेस्टी हे नाव देतो. पुढे ती मोरोक्कोतल्या टँजियरला पोहोचते, टोळी ताब्यात घेते आणि सायगावच्या तुरुंगातून विलीला सोडवते. एखाद्या कादंबरीने तीनशे पाने घेतली असती असा हा पट लेखकाने मोजक्या पट्ट्यांत उलगडला आहे. संपूर्ण खंडात मला सर्वांत आवडलेला भाग हाच.

रोजची पट्टी लिहिणे हे काम किती अवघड आहे, हे सलग वाचताना जितके उमगते तितके ते वर्तमानपत्रात वाचताना उमगले नसते. साधारणपणे तीनच चौकटी हाती असतात. पहिल्या चौकटीत कालचा धागा सांगायचा, कारण कित्येकांनी कालचा अंक पाहिलेला नसतो. दुसरीत कथा पुढे न्यायची आणि तिसरीत उद्याचा अंक विकत घ्यावासा वाटेल असे काही ठेवायचे. हरिनाम सप्ताहात पोथी सांगणारे बुवा आदल्या दिवशीचा भाग दोन वाक्यांत आठवून देऊन पुढे निघतात आणि रोज येणाऱ्या श्रोत्याला त्याचा कंटाळा येत नाही, तसेच हे कसब आहे. ओडॉनेल ही उजळणी बहुधा संवादातून करतात. विली एखादी शंका विचारतो, मॉडेस्टी उत्तर देते आणि त्या उत्तरात नवी माहितीही असते. त्यामुळे पुस्तकात सलग वाचतानाही ती फारशी खुपत नाही. काही ठिकाणी मात्र खुपते. विशेषतः 'द लाँग लीव्हर'मध्ये मला तीच गोष्ट पुन्हा सांगितली जात असल्यासारखे वाटले. हा खंड एका बैठकीत संपवू नये, रोज थोडा वाचावा, असे मी सुचवीन.

चित्रकार जिम हॉल्डवे यांच्याविषयी लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. ओडॉनेल आणि हॉल्डवे यांची जोडी आधीच 'रोमिओ ब्राऊन' या हलक्याफुलक्या मालिकेवर जमली होती. 'मॉडेस्टी'त हॉल्डवे यांनी काळ्या शाईचा जो वापर केला आहे, तो पाहत राहावा असा आहे. रात्रीच्या प्रसंगात चौकटीचा मोठा भाग काळा ठेवून चेहऱ्याची एकच कड उजळायची, आणि त्या कडेवरून पात्र घाबरले आहे की सावध आहे हे वाचकाला कळायचे. लेखकाला अशा चित्रकाराचा भरवसा असल्यामुळे तो मजकूर कमी ठेवू शकतो. १९७० मध्ये हॉल्डवे यांचे अकाली निधन झाले आणि एन्रिके बादिया रोमेरो या स्पॅनिश चित्रकाराने सूत्रे घेतली.

प्रत्येक कथेआधी ओडॉनेल यांनी स्वतः लिहिलेली प्रस्तावना आहे. लेखकाच्या कारकिर्दीची पूर्ण कहाणी मात्र या खंडातून सलग मिळत नाही, ही उणीव मला जाणवली. त्यांनी मॅडेलिन ब्रेंट या स्त्रीनावाने कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांतल्या एकीला १९७८ चा सर्वोत्कृष्ट प्रेमकादंबरीचा ब्रिटिश पुरस्कार मिळाला, ही गोष्ट वाचकाला कुठेतरी दुसरीकडे शोधावी लागते. एकाच लेखकाने गार्थसारखा बलदंड नायक, मॉडेस्टी आणि स्त्रीच्या तोंडून सांगितलेल्या प्रेमकथा अशी तिन्ही कामे मनापासून केली, याचा विचार आमच्याकडच्या लिहिणाऱ्यांनी अवश्य करावा.

साठच्या दशकातल्या लंडनची दृष्टी या कथांना आहे. युरोपबाहेरचे देश आणि तिथली माणसे पुष्कळदा केवळ पार्श्वभूमीपुरती येतात आणि ते आज खटकते. मारामारी भरपूर आहे आणि काही चित्रे मोठ्यांसाठीच आहेत. म्हणून शाळेच्या ग्रंथालयापेक्षा महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी हा खंड योग्य आहे. खडेबाजारातल्या दुकानांत तो आयता मिळेल असे नाही. मागवावा लागतो आणि टपालखर्चासह किंमत एका वाचकाच्या खिशाला जड जाते. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय किंवा खानापूर, निपाणी येथील मराठी वाचनालये यांनी निदान पहिले दोन-तीन खंड घेतले, तर मराठी माध्यमातून शिकून इंग्रजी वाचनाकडे वळणाऱ्या मुलामुलींना त्याचा मोठा उपयोग होईल. वाक्ये छोटी आहेत आणि चित्रांमुळे अर्थ लागतो. अडेल ती विलीची बोली. तो लंडनच्या कामकरी वस्तीतले इंग्रजी बोलतो आणि शब्दारंभीचा 'ह' गाळतो. त्याचे संवाद मोठ्याने वाचले की बहुतेक अर्थ आपोआप लागतो.