मिनी मिलचा नट बदलून आठ महिने झाले

मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणारं यंत्र, म्हटलं की आमच्याकडे लोकांना बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली धुडं आठवतात. माझं मशीन खानापुरात घरामागच्या पडवीत मावेल एवढंच, टेबलावर ठेवायचं. हौसेखातर घेतलेलं. टी-नट, व्हाईसचे जबडे, सध्या एका छोट्या वाफेच्या इंजिनाचं सिलिंडर, असली कामं त्यावर चालतात.

पहिल्या दिवसापासून एकच दुखणं. टेबल मधे असलं की हँडल एका बोटाने फिरायचं. डाव्या-उजव्या टोकाकडे गेलं की जड. शेवटच्या तीस-चाळीस एमएमला तर दोन्ही हात लावावे लागायचे. मी सगळे करतात तेच केलं, जिब (टेबलाच्या सरकत्या खाचेतली ढिलाई घालवणारी पट्टी) सैल केली. टोकाला बरं वाटलं, पण मधे टेबल डुलायला लागलं. परत आवळली. दीड महिना हाच खेळ. त्यातच ६ एमएमचा एंडमिल (दांड्यासारखा कटर) मोडला: कटर टेबल ओढतो त्या बाजूने कट घेत होतो, आणि टेबल सरकवणाऱ्या स्क्रूच्या नटमध्ये ०.३० एमएमचा खेळ, म्हणजे मोकळी ढिलाई. टेबल झटक्यात पुढे गेलं, कटरचा तुकडा कौलांपर्यंत उडाला.

विकणाऱ्याकडे सुटा नट नव्हता. दोन फोन, एक फोटो, मग शांतता.

शेवटी उद्यमबागेतल्या ओळखीच्या टर्नरमामांना सांगितलं. ते हसले. "त्या जिबला कशाला छळायलासा ओ? काढून ठेवा आणि फिरवून बघा की."

जिब काढली, तरी टोकाला जडच. म्हणजे दोष तिच्यात नव्हता. मग टेबलाच्या उजव्या टोकाला स्क्रू धरणाऱ्या ब्रॅकेटचे दोन ॲलन बोल्ट ढिले केले, आणि ब्रॅकेट टक्‌ आवाज करून स्वतःच वर उचललं गेलं. डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) लावून मोजलं: ०.३५ एमएम. स्क्रूची टोकं टेबलाच्या दोन ब्रॅकेटमध्ये, नट खाली सॅडलला, म्हणजे टेबल ज्यावर सरकतं त्या भागाला. टेबल मधे असताना नट दोन्ही ब्रॅकेटपासून लांब असतो, त्यामुळे स्क्रू जरासा वाकून चूक पोटात घालतो. टोकाला नट ब्रॅकेटला भिडतो, तिथे वाकायला जागाच नाही. जुन्या नटमध्ये स्क्रूचा तुकडा फिरवून गुण्या लावला, तर आटाच तिरका पाडलेला दिसला. बोल्टच्या भोकांतली ढिलाई एवढी चूक कुठे झाकणार?

मामांनी फॉस्फर ब्राँझचा नट केला. चार जॉच्या चकात डायलने मध्य काढून भोक, आणि आट्यासाठी सिल्व्हर स्टीलचा टॅप स्वतःच बनवला. नटला एका बाजूने खाच, त्यात ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू), म्हणजे पुढे झिजला तर आवळता येईल. बसवताना टेबल टोकाला नेऊन मगच ब्रॅकेटचे बोल्ट आवळले, तेही आलटून-पालटून दोन्ही टोकांना. सगळा खर्च नऊशे रुपये.

नवीन असताना खेळ ०.०६ होता. पाच महिन्यांनी ०.१० झाला, ग्रब स्क्रूला पाव फेरा दिला, परत ०.०६. हँडल आता या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं फिरतं. तरी कटर टेबल ओढेल असा कट मी घेत नाही, अगदीच शेवटचा बारीक हात सोडला तर.

त्याच सपाट्यात कॉलम, म्हणजे कटरचं डोकं धरणारा उभा खांब, सरळ आहे का तेही पाहिलं. पुढे-मागे १५० एमएमच्या वर्तुळात ०.१५ फरक. पायाचे बोल्ट साधारण १०० एमएम अंतरावर, म्हणजे ०.१० ची शिम (फटीत घालायचा पातळ पत्रा) हवी. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा जवळपास तेवढाच भरला. कात्रीने कापला, घातला, विषय संपला.

पावसाळ्याचं मात्र सांगायला हवं. खानापूरचा पाऊस म्हणजे भिंतींनाही घाम. मी हौसेने मशीनवर जुनी चादर घातली होती; तिने ओल धरली आणि टेबलावर आठवड्यात तांबूस डाग. आता ६८ नंबरचं स्लाईडवे ऑईल पुसून ठेवतो, वर काहीच घालत नाही. स्लाईडला ग्रीस लावायचा मोह आवरा, बिडाचा चुरा त्यात बसला की पॉलिश पेपरसारखा घासतो.

वायचा, म्हणजे टेबल पुढे-मागे नेणाऱ्या स्क्रूचा नट अजून मूळचाच आहे. त्याचा आटा डावा, त्यामुळे एक्सचा (आत्ता बदललेल्या डाव्या-उजव्या नटचा) टॅप तिथे चालणार नाही. मामांना पुन्हा नवा करावा लागेल. सध्या त्याचा खेळ ०.२२ आहे. दिवाळीनंतर बघतो.