जुनी पोर्शे घ्यावी की जग्वार? जळगाव-धुळ्याच्या गिऱ्हाइकासाठी

पैसा सराफीतून आलेला असो, केळीतून, जिनिंगमधून की दवाखान्यातून, फॉर्च्युनर घेऊन झाली की खानदेशातल्या पोरांची नजर हल्ली दोन दरवाज्यांच्या गाडीवर जाते. नवी घ्यायची तर घरचे ऐकत नाहीत, म्हणून मुंबई-दिल्लीकडची सात-आठ वर्षं वापरलेली शोधतात. विचारणारा एका दमात विचारतो, "टिकेल ना?" त्यात दोन प्रश्न दडलेले असतात. विकताना भाव येईल का हा एक, आणि तोवर गाडी चालेल का हा दुसरा. इनोव्हाच्या बाबतीत दोन्हींचं उत्तर सारखंच निघतं. इथे तसं होत नाही. भाव धरून ठेवणारी गाडी इंजिनात दगा देऊ शकते, आणि भाव पडलेल्या गाडीचा गिअरबॉक्स उत्तम असू शकतो.

आधी पोर्शे ९११. १९६३ ला जगासमोर आलेली ही गाडी आजही मागच्या चाकांमागे सहा सिलिंडर घेऊन फिरते, आकारही ओळखीचाच. त्यामुळे जुनी ९११ कधी 'जुनाट' दिसत नाही आणि प्रत्येक पिढीला आपापलं गिऱ्हाईक आहे. भाव टिकण्याचं मोठं कारण हेच. पण 'पोर्शे म्हणजे भरवसा' हे सरसकट धरू नका, पिढी बघा. ९९६, ९९७, ९९१ हे ९११ च्या एकामागोमाग एक आलेल्या पिढ्यांचे आकडे, आणि कॅरेरा म्हणजे तिचं साधं मॉडेल. ९९६ आणि २००८ पर्यंतची ९९७ यांच्या साध्या कॅरेरा इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचं, म्हणजे इंजिनाच्या आत फिरणाऱ्या एका दांड्याचं, बेअरिंग हा कच्चा दुवा आहे. ते फुटलं की तुकडे आतच फिरतात आणि अख्खं इंजिन जातं. सगळ्यांचं फुटत नाही, पण ज्याचं फुटतं त्याला टक्केवारी सांगून उपयोग नसतो. त्याच काळातल्या इंजिनांत सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडण्याचीही तक्रार आहे. २००९ च्या मॉडेलपासून इंजिन नव्याने बांधलं आणि ते बेअरिंगच काढून टाकलं. म्हणून '९९७ आहे' एवढं ऐकून बयाणा देऊ नका. कोणत्या सालचं मॉडेल ते विचारा.

आपल्याकडे बहुतेकांनी बघावी ती ९९१, म्हणजे २०१२ नंतरची. तिच्यातही २०१५ पर्यंतची साधी कॅरेरा बिनटर्बोची, नंतरची तीन लिटर टर्बो. बिनटर्बोचे शौकीन वेगळे आहेत, त्यामुळे ती लवकर स्वस्त होईल असं मला वाटत नाही. टर्बोवाल्या आवृत्तीत पुढचं तोंड उचलणारी लिफ्ट ऑप्शन म्हणून मिळायची. गावागावांतले गतिरोधक बघता माझं मत, लिफ्टवाली मिळाली तर दोन पैसे जास्त द्या.

आता जग्वार एफ-टाइप. दिसायला ९११ पेक्षा देखणी, आवाज तर विचारूच नका. २०१३ मध्ये भारतात आली तेव्हा व्ही-६ एस १.३७ कोटींना आणि व्ही-८ एस १.६१ कोटींना होती, एक्स-शोरूम. २०२० मध्ये नवं तोंड लावून आली तेव्हा चार सिलिंडरवाली ९५.१२ लाखांपासून सुरू झाली, आणि जुन्या गाड्यांच्या मालकांच्या पोटात तिथेच गोळा आला. २०२४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. जग्वार आता विजेच्या गाड्यांकडे वळली आहे, या गाडीला वारस नाही. काही लोक म्हणतात, बंद झाली म्हणजे दुर्मीळ, आता भाव वाढेल. वाढेलही, पण वीस वर्षांनी, आणि तोवर ती सांभाळायची तुम्हाला.

तिचा झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चांगला आहे. दुखणं थंड करण्याच्या व्यवस्थेत आहे. सुपरचार्जरवाल्या (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप असलेल्या) व्ही-६ आणि व्ही-८ मध्ये कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे, काही पाइप आणि जोड प्लॅस्टिकचे आहेत. उष्णतेने ते ठिसूळ होतात आणि एक दिवस चिरतात. काही पाइप सुपरचार्जरच्या खाली, त्यामुळे दोन-चार हजारांच्या तुकड्यासाठी वरचं सगळं उतरवावं लागतं. इंग्लंडच्या हवेत जे दहा वर्षं टिकेल त्याच्याकडून भुसावळच्या मे महिन्यात तीच अपेक्षा कशी करणार? पारा सत्तेचाळीसला टेकतो, बॉनेटखाली काय होत असेल! एफ-टाइप घ्यायचीच तर पाइप आणि वॉटर पंप बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर ते काम आपल्यालाच करायचं आहे असं धरून भाव पाडा.

ऊन पोर्शेलाही सोडत नाही. ९११ चे रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत, चाकांच्या पुढे असतात. तिथे पाला, धूळ आणि आपल्याकडे हंगामात ट्रकांवरून उडणारा कापूस जाऊन बसतो. ओल धरली की कंडेन्सर कुजतो आणि ऐन एप्रिलमध्ये एसी गार हवा देणं थांबवतो. टॉर्च घेऊन बंपरच्या जाळीतून आत बघा. विकणारा गाडी कशी ठेवतो ते तिथे दिसतं, पॉलिशवर दिसत नाही.

आणखी एक गोष्ट दलाल सांगत नाहीत. जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या करावर बसलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या इंजिनाच्या कारवर सरसकट ४० टक्के जीएसटी आहे. आधी २८ टक्के आणि वर २० टक्के सेस होता. कराआधी एक कोटीची गाडी म्हणजे सरळ आठ लाखांचा फरक, आणि तेवढाच दाब जुन्या गाडीवर. त्यात जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या. ब्रिटनमध्ये बनलेल्या गाड्यांवरचं शंभर टक्क्यांच्या वरचं आयातशुल्क ठरावीक कोट्यापुरतं टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर यायचं आहे. तिकडच्या नव्या स्पोर्ट्स गाड्या स्वस्त झाल्या तर जुन्या एफ-टाइपला जास्त पैसे कोण मोजेल? '२०१३ ला दीड कोटीची होती' हे वाक्य भावाच्या बोलणीत ऐकूच नका.

बाकीच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. फोर्ड मस्टँग जीटी २०१६ मध्ये ६५ लाखांना आली. पाच लिटरचं बिनटर्बो व्ही-८, साधं आणि दणकट, पण २०२१ मध्ये फोर्डने इथले कारखाने बंद करायचं जाहीर केलं आणि काच किंवा दिवा फुटला तर वाट बघणं आलं. मासेराती ग्रॅनटुरिस्मो फार स्वस्तात दिसेल. दिसू द्या. बीएमडब्ल्यू झेड-४ एम४०आय (२०१९ ला ७८.९ लाख) मात्र नीट बघण्यासारखी आहे. तिचं तीन लिटरचं सहा सिलिंडरवालं इंजिन टोयोटाने आपल्या सुप्रात वापरलं, आणि टोयोटा उगाच कुणाचं इंजिन उचलत नाही. छत कापडी आहे, म्हणून सावलीची जागा हवी. भाव ९११ सारखा टिकणार नाही, पण घेतानाच कमी रक्कम अडकते. माझ्या मते पहिल्यांदा घेणाऱ्याला हीच बरी.

आपल्याकडे या गाड्या चालून कमी आणि उभ्या राहून जास्त बिघडतात. दिवाळी, एखादं लग्न आणि थर्टी फर्स्ट, बाकी वर्षभर कव्हरखाली. बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटतात, सील सुकतात. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल ओलावा ओढतं, आणि २०१२-१५ च्या गाड्या या मिश्रणासाठी बनलेल्या नाहीत. टाकी भरून सहा महिने उभी ठेवू नका. ट्रिकल चार्जर (उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा) लावा आणि आठवड्याला धुळे रोडला तासभर फिरवून आणा. इंजिन पूर्ण तापलं पाहिजे. कॉलनीतल्या कॉलनीत आईस्क्रीम खायला नेणं म्हणजे त्याला त्रास.

सारंगखेड्याच्या बाजारात जाणता माणूस झुलीकडे न बघता घोड्याचं तोंड उघडतो. इथेही तसंच. पोर्शेच्या कॉम्प्युटरमधून ओव्हर-रेव्हचा, म्हणजे इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरवलं त्याचा, रिपोर्ट निघतो. त्यात इंजिन किती तास चाललं तेही असतं. मीटरवर ४०,००० किलोमीटर आणि रिपोर्टमध्ये १,६०० तास म्हणजे सरासरी वेग २५, मुंबईची गाडी, पटतं. पण १८,००० किलोमीटर आणि १,६०० तास? सरासरी अकरा. मीटर मागे फिरवलंय की काय, हे तिथेच विचारा. टायरवरचे चार आकडेही वाचा. ३११८ म्हणजे २०१८ चा एकतिसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी ते टायर बदलायचेच आहेत.

दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त दिसते, त्याला कारण आहे. तिथे पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाडीवर बंदीची टांगती तलवार असते. पण एमएच १९ (जळगाव) किंवा एमएच १८ (धुळे) करताना एनओसी आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो. तो आकडा आरटीओतून आधी काढून घ्या, मगच दिल्लीवाल्याशी बोला. विम्याचंही तेच. अपघातात प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर विमा कंपनी ५० टक्के घसारा कापते. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, साधारण पाच वर्षांपर्यंतच सहज मिळतो, पुढे बंपरचं अर्धं बिल तुमचं.

दुरुस्तीला ९११ मुंबई किंवा अहमदाबादला न्यावी लागेल. जळगावहून मुंबई सव्वाचारशे किलोमीटर, आणि टोचन लावून नेण्याची ही गाडी नाही, फ्लॅटबेडच लागतो. हा खर्च झेपत असेल, गाडी पाच-सहा वर्षं ठेवायची असेल आणि सगळी बिलं हातात असतील तर ९९१ घ्या, विकताना तीच कमी रडवेल. दोन वर्षांत हौस फिटणार असेल तर झेड-४. एफ-टाइप फक्त त्याने घ्यावी ज्याला विकायची चिंताच नाही. गल्लीत "कितलामा लिधी भो?" (कितीला घेतली भाऊ?) असं सगळेच विचारतील. पाइप बदलायला किती लागले, ते कुणी विचारणार नाही.